घटक ४ : यादीच्या पोटातील यादी आणि तिचे मजकुरात रूपांतर

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला एकात एक गुंफलेल्या याद्यांची रचना ओळखता येईल. अशा यादीतून वाचनीय मराठी मजकूर तयार करण्यासाठी लहान लहान फलने रचता येतील. आणि या कामात मराठी व्याकरणाचे ज्ञान नेमके कोठे उपयोगी पडते हे सांगता येईल. आज्ञावली लिहिण्याचा पूर्वानुभव येथे गृहीत धरलेला नाही. सामान्यरूप आणि विभक्ती यांचा परिचय मात्र गृहीत धरला आहे. तो आपल्याला प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात झालेला आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नागपूरहून वर्धा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की विमानतळ मागे पडल्यावर मिहानचा परिसर लागतो. ‘मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन हा शब्द घडला. प्रकल्पाचे काम पाहणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. आज तेथे संगणकक्षेत्रातील कंपन्यांच्या इमारती आहेत, एम्स आहे, भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. आपल्यापैकी काही जण तेथे नोकरीला जातही असतील. मात्र ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी अशा गावांची शेते त्या जागी होती. भूसंपादन म्हटले की गावांची यादी येते. प्रत्येक गावाच्या पोटात गटांची यादी. प्रत्येक गटाच्या पोटात खातेदारांची यादी. त्या शेवटच्या यादीत आपले नाव आहे की नाही, यावर एखाद्या कुटुंबाचा मोबदला अवलंबून असतो.

यंत्राच्या दृष्टीने हे सारे म्हणजे कंसात कंस. माणसाला मात्र वाक्य हवे असते. कंसांपासून वाक्यापर्यंतचा प्रवास हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नोंदींची रचना

पुढील उदाहरण पाहा. गावांची नावे खरी आहेत; गट क्रमांक आणि खातेदार कल्पित आहेत. खातेदारांना मुद्दाम नावांऐवजी नात्यांनी ओळखले आहे. येथे वापरलेली लेखनपद्धती कोणत्याही एका संगणकभाषेची नाही, केवळ अध्ययनासाठी आहे.

नोंदी = [ [तेल्हारा, [ [४१, [आई, थोरला, धाकटी]], [५७, [चुलता]] ]], [खापरी, [ [१२, [ ]] ]] ]

चौकोनी कंस उघडला की यादी सुरू होते, मिटला की संपते. खापरीच्या गट १२ पुढे रिकामा कंस आहे, म्हणजे तेथे एकही खातेदार नोंदलेला नाही. तो कंस लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

मिश्र वाक्याचे पृथक्करण करताना आपण मुख्य वाक्यातील गौण वाक्य शोधतो आणि त्या गौण वाक्यातही आणखी एखादे गौण वाक्य सापडते. ही रचना त्याच जातीची आहे. ज्याला पृथक्करण जमते त्याला ही यादी वाचणे अवघड जाऊ नये.

४.३.२ दोन रीती

अशा यादीतून मजकूर काढण्याची रूढ रीत आज्ञांची आहे. एक रिकामी पाटी घ्यावी, पहिले गाव घ्यावे, त्यातला पहिला गट घ्यावा, त्यातले पहिले नाव पाटीवर लिहावे, स्वल्पविराम द्यावा, पुढचे नाव घ्यावे. या रीतीत कितवे गाव, कितवा गट, कितवे नाव ही सारी मोजणी लिहिणाऱ्याला सांभाळावी लागते. एक आकडा चुकला की शेवटच्या नावापुढे स्वल्पविराम लोंबकळत राहतो किंवा एका गटाची नावे दुसऱ्या गटात जातात.

दुसरी रीत फलनांची आहे. गणितात फलन म्हणजे एक वस्तू घेऊन दुसरी वस्तू देणारा नियम. तीच वस्तू पुन्हा दिली तर तेच उत्तर पुन्हा मिळते, आणि उत्तर देताना फलन बाहेरच्या कोणत्याही पाटीला हात लावत नाही. अशा फलनाला शुद्ध फलन म्हणतात. ‘पाटीवर पुढे काय लिहू?’ असे येथे विचारायचे नसते. ‘एका गटाचे वाक्य कसे होते?’ एवढेच विचारायचे असते. ते एकदा ठरले, की सर्व गटांचे काम झाले.

ही दृष्टी नवी नाही. फलनांचे तर्कशास्त्र अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडले. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये ‘लिस्प’ ही संगणकभाषा रचण्यास आरंभ केला. तिचे नावच ‘लिस्ट प्रोसेसिंग’, म्हणजे यादी-प्रक्रिया, या शब्दांवरून आलेले आहे. आणि यादीच्या पोटातील यादी हा त्या भाषेचा मूळ पदार्थ आहे.

४.३.३ तीन साधने

पहिले साधन ‘प्रत्येकी’. एक फलन आणि एक यादी दिली, की यादीतील प्रत्येक घटकाला ते फलन लावून नवी यादी मिळते. इंग्रजी पुस्तकांत यास मॅप म्हणतात. मराठीत ‘मुलांना प्रत्येकी एक वही दिली’ या वाक्यात हा अर्थ आपण रोज वापरतो. दुसरे साधन ‘सांध’ : शब्दांची यादी आणि एक दुवा दिला, की दोन-दोन शब्दांच्या मध्ये दुवा घालून एक सलग मजकूर मिळतो. दुवा मध्येच येतो, शेवटी येत नाही. त्यामुळे लोंबकळणारा स्वल्पविराम उद्भवतच नाही. तिसरे साधन ‘निवड’ : अट पूर्ण करणारे घटक ठेवायचे, उरलेले गाळायचे. हे तिसरे साधन दिसायला सर्वांत साधे आणि वापरायला सर्वांत धोक्याचे आहे.

आता आतून बाहेर येऊ. सर्वांत आतली यादी नावांची.

नावे(यादी) :
यादी रिकामी असल्यास → ‘खातेदाराची नोंद नाही’
एकच घटक असल्यास → तो घटक
अन्यथा → सांध(‘, ’, शेवटचा सोडून सर्व) + ‘ व ’ + शेवटचा

गटवाक्य(क्रमांक, खातेदार) = ‘गट क्रमांक ’ + क्रमांक + ‘ : ’ + नावे(खातेदार)

गावमजकूर(गाव, गट) = मधील(गाव) + ‘ नोंदी’ + नवी ओळ + सांध(नवी ओळ, प्रत्येकी(गटवाक्य, गट))

अहवाल = सांध(रिकामी ओळ, प्रत्येकी(गावमजकूर, नोंदी))

यातून मिळणारा मजकूर असा :

तेल्हाऱ्यातील नोंदी
गट क्रमांक ४१ : आई, थोरला व धाकटी
गट क्रमांक ५७ : चुलता

खापरीतील नोंदी
गट क्रमांक १२ : खातेदाराची नोंद नाही

‘गावमजकूर’ या फलनाला खातेदारांविषयी काहीही ठाऊक नाही आणि ‘नावे’ या फलनाला गाव म्हणजे काय हे ठाऊक नाही. उद्या कोणी ‘व’ ऐवजी ‘आणि’ हवा म्हटले तर एका ओळीत बदल होतो, बाकी सारे जसेच्या तसे राहते. रिकाम्या कंसाचे काय झाले तेही पाहा. ‘नावे’ या फलनात पहिली अट नसती, तर गट १२ पुढे नुसता अपूर्णविराम छापला गेला असता, किंवा नसलेले ‘शेवटचे नाव’ शोधताना आज्ञावलीच थांबली असती.

४.३.४ ‘मधील’ : येथे व्याकरण लागते

वरच्या मांडणीत ‘मधील’ हे फलन आपण न उलगडता वापरले. आज्ञावली लिहिणारा घाईत असेल तर गावाच्या नावापुढे ‘मधील’ हा शब्द चिकटवून मोकळा होतो. एका छापील पत्रात ‘तेल्हारामधील’ असे वाचल्याचे मला आठवते. ज्या गावात पिढ्या गेल्या त्याचे नाव असे परक्याने उच्चारल्यासारखे वाचावे लागणे कोणालाच रुचत नाही.

मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, हे आपण शिकलात. अकारान्त ‘शिवणगाव’चे ‘शिवणगावा-’ होते, म्हणून शिवणगावातील. आकारान्त ‘तेल्हारा’चे ‘तेल्हाऱ्या-’, म्हणून तेल्हाऱ्यातील. शेजारच्या जामठ्याचेही तसेच. ईकारान्त ‘खापरी’ आणि ‘कलकुही’ बदलत नाहीत : खापरीतील, कलकुहीतील. नियम फलनात असा उतरतो :

सामान्यरूप(नाम) :
अंत्य स्वर ‘अ’ असल्यास → ‘अ’च्या जागी ‘आ’
अंत्य स्वर ‘आ’ असल्यास → ‘आ’च्या जागी ‘या’ (आधीचा वर्ण ‘र’ असल्यास ‘ऱ्या’)
अंत्य स्वर ‘ई’ असल्यास → नाम तसेच

मधील(गाव) = सामान्यरूप(गाव) + ‘तील’

हा नियम पुरेसा नाही. ‘नागपूर’ अकारान्त आहे, पण त्याचे ‘नागपुरातील’ होताना उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. ‘पुणे’ एकारान्त असून ‘पुण्यातील’ होते. आणि ‘मिहान’? व्याकरणाने ‘मिहानातील’ चालावे, पण कानावर ‘मिहानमधील’च येते, ‘एम्स’चेही तसेच. आद्याक्षरांपासून घडलेली नावे आणि परभाषेतून नुकतीच आलेली नावे बहुधा सामान्यरूप टाळतात. तेव्हा फलनाने आधी अपवादांची लहान यादी पाहावी, तेथे नाव न सापडल्यास नियम लावावा. ही अपवादयादी तयार करणे हे संगणकतज्ज्ञाचे काम नव्हे. ते मराठीच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

आणखी एक अडचण रकाने जुळवताना येते. युनिकोडमध्ये स्वरचिन्ह आणि हलन्तचिन्ह यांची स्वतंत्र मोजणी होते. ‘खापरी’त आपल्याला तीन अक्षरे दिसतात, यंत्र पाच चिन्हे मोजते. ‘तेल्हाऱ्या’तही अक्षरे तीनच, पण यंत्राच्या हिशेबी चिन्हे दहा. रुंदी सारखी करण्यासाठी यंत्राच्या मोजणीवर विसंबून मोकळ्या जागा भरल्या, तर मराठी रकाने वेडेवाकडे होतात. म्हणून रकान्यांपेक्षा ओळींची मांडणी बरी, असे माझे मत आहे.

४.३.५ निवड आणि गळालेले नाव

आता धोक्याच्या साधनाकडे वळू. खातेदारापुढे त्याचे क्षेत्रही, आर या मापात, नोंदले आहे असे समजा :

[४१, [ [आई, ४०], [थोरला, ५०], [धाकटी, ०] ]]

कोणी म्हणेल, क्षेत्र शून्य असलेल्या नोंदी निरर्थक आहेत, त्या आधी गाळून टाकू : निवड(क्षेत्र > ०, खातेदार). मग मजकूर होतो :

गट क्रमांक ४१ : आई व थोरला

वाक्य निर्दोष आहे. स्वल्पविराम योग्य, ‘व’ योग्य, आज्ञावली कोठेही अडखळली नाही. फक्त धाकटी नाहीशी झाली. सात-बारा उताऱ्याच्या अधिकार अभिलेखात अनेक खातेदारांचे क्षेत्र सामाईक असते. ते प्रत्येकाच्या नावापुढे वेगळे दाखवलेले नसते. यंत्रात भरताना अशी कोरी जागा शून्य होऊन बसू शकते. येथे शून्याचा अर्थ ‘हक्क नाही’ असा होत नाही, ‘हिस्सा वेगळा नोंदलेला नाही’ असा होतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, देशभरासाठी ती २००५ मध्ये झाली. कायद्याने दिलेले नाव एका ओळीच्या निवडीने गळू शकते, आणि मजकूर इतका नीटस दिसतो की कोणाला शंकाही येत नाही.

यावर उपाय फलनांच्याच रीतीत आहे. चौथे साधन ‘घडी’ : यादीतील घटक एकेक करून आरंभीच्या किमतीत मिसळत जायचे आणि शेवटी एकच उत्तर काढायचे.

एकूण = घडी(बेरीज, ०, प्रत्येकी(नावांची संख्या, गट))

मूळ नोंदींवर आणि निवडीनंतरच्या नोंदींवर हे फलन स्वतंत्रपणे चालवावे. गट ४१ साठी पहिले उत्तर ३ आणि दुसरे २ येईल. फलने शुद्ध असल्यामुळे मूळ नोंदींना निवडीने धक्का लागलेला नसतो. म्हणूनच ही तुलना शक्य होते. पाटीवर पुसून लिहिण्याच्या रीतीत मूळ यादीच उरली नसती. आरंभीची किंमत ० दिली आहे, त्यामुळे एकही गट नसलेल्या गावाचे उत्तरही बिनबोभाट ० येते.

४.३.६ खोली आधी माहीत नसेल तर

आतापर्यंत गाव, गट, खातेदार अशा तीन पायऱ्या ठरलेल्या होत्या. प्रत्यक्षात गटाचे पोटहिस्से पडतात, पोटहिस्स्यांचेही पुन्हा हिस्से पडतात. अशा वेळी फलन स्वतःलाच बोलावते :

मांड(खोली, घटक) :
घटक शब्द असल्यास → खोलीइतकी मोकळी जागा + शब्द
घटक यादी असल्यास → सांध(नवी ओळ, यादीतील प्रत्येकी ‘मांड(खोली + १)’)

शब्द लागला की थांबायचे, यादी लागली की एक पायरी आत उतरायचे. पहिली ओळ नसती तर फलन कोठे थांबावे हे त्याला कळले नसते.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नावे’ या फलनाला दोनच घटकांची यादी दिल्यास उत्तर काय येईल? पायरी-पायरीने लिहा.
२. ‘वर्धा’, ‘अमरावती’, ‘दहेगाव’ आणि ‘एम्स’ यांना ‘मधील’ हे फलन लावा. कोणते नाव अपवादयादीत घालावे लागेल? कारण द्या.
३. क्षेत्र शून्य असलेला खातेदार न गाळता त्याच्या नावापुढे ‘(सामाईक)’ असे छापायचे आहे. त्यासाठी ‘निवड’ऐवजी कोणते साधन वापराल?

४.५ उपक्रम

आपल्या कुटुंबाचा किंवा परिचिताचा सात-बारा उतारा, संबंधितांच्या अनुमतीने, समोर ठेवा. त्यातील खातेदारांची नोंद चौकोनी कंसांत लिहा आणि कोणत्या जागा कोऱ्या आहेत ते वेगळ्या शाईने दाखवा. त्यानंतर लीळाचरित्राची ग्रंथालयातील प्रत घेऊन एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध यांतील पहिल्या तीन-तीन लीळांची शीर्षके अशाच यादीत मांडा आणि ‘मांड’ हे फलन हाताने चालवून त्यांची अनुक्रमणिका कागदावर उतरवा.