ऑनलाईन योगासने : मोबाईल कुठे ठेवायचा?

शिक्षक मित्रांनो, २१ जून २०२० चा योगदिन आठवतोय ना? विषयच होता 'घरी योग, कुटुंबासोबत योग'. मी आसनं करून दाखवत होते. वृक्षासनात मुलांनी उजव्याऐवजी डावा पाय उचलला, ते चाललं. पण पश्चिमोत्तानासनात एक मुलगी अंगठे धरायचेच म्हणून पाठीला हिसके देत होती आणि समोरून मला फक्त तिचं डोकं दिसत होतं! तिच्या आईने सांगितलं तेव्हा कळलं.

आता मोबाईल मुलाच्या एका बाजूने, जमिनीलगत डब्याला टेकवून ठेवायला सांगते. पाठ, गुडघे नीट दिसतात. आसन एकदाच दाखवते, मग नुसतं बघते. एका वेळी चारच मुलं.

पालकहो, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. हात नडगीपर्यंतच पोहोचले तरी चालतं. 'अजून वाक' म्हणून पाठ दाबू नका.