धूर काळा की पांढरा?

शीवमध्ये गाड्या धुण्याचा धंदा का चालतो, हे इथल्या रस्त्यांकडे बघितलं की कळतं. ठाण्याकडचा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पनवेलकडचा रस्ता दोन्ही इथून फुटतात. प्रतीक्षानगरला बेस्टचा डेपो, अँटॉप हिलच्या पलीकडे वडाळ्याचा ट्रक टर्मिनल, आणि फाळणीनंतर कोळीवाड्याला वसलेल्या पंजाबी वस्तीच्या आसपास गॅरेजंच गॅरेजं. टेम्पो-टँकरच्या चेसिसवर बसलेलं ग्रीस थंड पाण्याने हलत नाही, नुसतं पसरतं. म्हणून गरम पाण्याचं प्रेशर वॉशर लागतं. जर्मनीच्या केर्शर कंपनीने १९५० साली युरोपातलं पहिलं असं मशीन काढलं, आणि रचना आजही तीच आहे: मध्ये डिझेलचा बर्नर, त्याभोवती पोलादी नळीची वेटोळी म्हणजे कॉइल, आणि त्या नळीतून धावता धावता ८०-९० अंशांवर जाणारं पाणी.

मी ही मशीनं दुरुस्त करतो. बोलावणं बहुतेक वेळा एकाच वाक्याचं असतं: "भाऊ, मशीन धूर मारतंय." त्या धुराने जे शिकवलं ते इथे मांडतो.

१. पान्याला हात घालण्याआधी चिमणीकडे बघा.

काळा धूर म्हणजे डिझेल पेटलंय, पण त्याला हवा पुरत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा आणि डिझेलचा वास मारणारा धूर म्हणजे डिझेलचा फवारा उडतोय, पण नीट पेटत नाही. दोन्ही तक्रारींचा उपाय वेगळा, किंबहुना उलटा. आणि पांढरं दिसतं ते सगळं धूर नसतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. पावसाळी हवेत ती वाफ चिमणीवर दिसते, वास न येता विरून जाते. कॉइल थंड असताना तीच वाफ नळीवर जमून खाली ठिबकते, आणि मालक छातीवर हात ठेवून म्हणतो, "कॉइल फुटली!" पाच-दहा मिनिटं चालवा. ठिबकणं थांबलं तर कॉइल ठणठणीत आहे.

२. हवेचा हिशेब एकदा तरी कागदावर करावा.

माझ्याकडे येणारी मोठी मशीनं मिनिटाला १५ लिटर पाणी फेकतात, म्हणजे तासाला ९००. ते ३० अंशांवरून ९० वर न्यायचं तर ५४,००० किलोकॅलरी लागतात. लिटरभर डिझेलमधून साधारण ८,६०० मिळतात आणि त्यातली थोडी चिमणीतून जाते, म्हणून तासाला सात लिटर डिझेल धरा. आता हवा. एक लिटर डिझेल पुरतं जळायला किमान १० घनमीटर हवा लागते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर मावते. थोडक्यात, हा बर्नर तासाभरात तशा अडीच खोल्यांची हवा संपवतो. काजळी टाळायची तर वर वीस-पंचवीस टक्के जास्तीची हवी.

हे कळलं की जूनमध्ये माझा फोन का वाजत राहतो तेही कळतं. उन्हाळाभर उघड्यावर नीट चाललेलं मशीन पहिल्या पावसाला पत्र्याच्या शेडमध्ये ढकलतात आणि तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री बांधतात. चिमणीतून निघालेला धूर पत्र्याला आपटून खाली येतो, पंखा तोच पुन्हा आत ओढतो. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. ताडपत्रीची एक बाजू सोडली आणि चिमणीवर पाइप चढवून तो शेडबाहेर काढला की काम झालं. मालकाला हे पटत नाही, कारण बिलात एकही पार्ट नसतो.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. अर्धवट जळणाऱ्या डिझेलमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेडमधला पोऱ्या "डोकं जड झालंय" म्हणाला, तर आधी त्याला उघड्यावर न्या, लगेच मशीन बंद करा. बरं वाटत नसेल तर सरळ हॉस्पिटल गाठा.

३. पंख्याची पाती खोलगट असतात आणि धुण्याच्या जागेवरची हवा धूळ, साबण, तेल यांनी भरलेली असते. वर्षभरात त्या खोलगट भागात चिकट थर बसतो. पंखा त्याच वेगाने फिरतो, आवाजही तोच येतो, फक्त हवा कमी जाते. ब्रश आणि थोडं रॉकेल, अर्ध्या तासाचं काम.

४. काजळीला काजळी चिकटते.

थोडी काजळी कॉइलवर बसली की धुराची वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली की हवा कमी खेचली जाते, आणि आणखी काजळी होते. म्हणून काळ्या धुराचं कारण काढून टाकलं तरी जुनी काजळी साफ केल्याशिवाय धूर जात नाही. वरचं झाकण काढून तारेच्या ब्रशने कॉइल खरवडा आणि काजळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. पाण्याने धुतलीत तर नंतर बर्नर चालवून पुरती वाळवा. ओली काजळी आम्लासारखी वागते आणि पोलाद खाते.

तोंडाला मास्क हवाच. नुसता रुमाल चालणार नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिलं होतं की चिमण्या साफ करणाऱ्यांना होणारा एक कर्करोग काजळीमुळे होतो. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती अगदी सुरुवातीची नोंद मानली जाते. अडीचशे वर्षं झाली, आणि आमच्याकडे अजून उघड्या तोंडाने चिमणीत डोकं घालतात.

५. नोजलला पिन मारू नका.

आमच्या पिढीने घरी रॉकेलचा स्टोव्ह पाहिला. ज्योत पिवळी झाली की आई बर्नरला पिन मारायची. तीच सवय हात सोडत नाही. पण या बर्नरचं नोजल स्टोव्हसारखं नुसतं भोक नाही. त्याच्या आत तिरक्या बारीक खाचा असतात, डिझेल त्यांतून गरगरत येतं आणि धुक्यासारखं उडतं. तार घातली की कड ओरखडते, फवारा एका बाजूला वाकतो, ज्योत कॉइलला चाटते आणि काजळी सुरू होते. नोजल ही बदलायची वस्तू आहे, आणि अख्ख्या मशीनमधल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. नवं घेताना जुन्यावर कोरलेले आकडे वाचून घ्या: ताशी गॅलन, फवाऱ्याचा कोन (६० किंवा ८० अंश) आणि नमुन्याचं अक्षर. "साहेब, हेपण बसतं" असं म्हणणारा दुकानदार खोटं बोलत नसतो. बसतं, पण जळत नाही.

६. सगळ्यात जास्त मशीनं मी धुराने बिघडलेली पाहिली नाहीत, स्क्रू फिरवल्याने बिघडलेली पाहिली.

गोष्ट नेहमी एकाच क्रमाने घडते. शीवच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणाचं मऊ पाणी येतं. पण पिण्याचं पाणी गाड्यांवर कोण ओतणार? धुण्याला बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी वापरतात, आणि ते बहुतेक वेळा जड असतं. तापल्यावर त्यातला क्षार कॉइलच्या आतून बसत जातो. पाणी पूर्वीसारखं तापत नाही. मग कोणीतरी डिझेल पंपावरचा प्रेशरचा स्क्रू दोन आटे आवळतो. दोन दिवस पाणी मस्त तापतं, शेठ खूश होतात. तिसऱ्या दिवशी काळा धूर.

का, तेही सांगतो. या पंपांचं प्रेशर साधारण १० बारवर ठेवलेलं असतं. ते १४ वर नेलं तर नोजलमधून जाणारं डिझेल सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. हवा मात्र तेवढीच राहते. वर सांगितलेली वीस-पंचवीस टक्के जास्तीची हवा जवळपास सगळी तिथेच खर्ची पडते. म्हणजे दोष पाण्याच्या नळीच्या आत, आणि उपचार केला डिझेलवर.

क्षार आहे की नाही हे ओळखता येतं. गनमधून पाणी मंद आणि पंपाच्या गेजवर प्रेशर मात्र चढलेलं, चिमणी पूर्वीपेक्षा जास्त गरम आणि पाणी पूर्वीपेक्षा कोमट, असं असेल तर कॉइल आतून भरली आहे. ती साफ करायचं आम्ल पाण्यात मिसळून (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही) बर्नर बंद ठेवून फिरवतात आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने खळबळून काढतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच. हे झाल्यावर स्क्रू मूळ जागी आणायला विसरू नका. बहुतेक जण विसरतात.

७. पांढऱ्या धुरात पहिला संशय ठिणगीवर घ्या. ट्रान्सफॉर्मरमधून १०,००० व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि दोन इलेक्ट्रोडच्या टोकांमधल्या साधारण ३ मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. नेमकं अंतर मशीनच्या पुस्तकात असतं, डोळ्याने ठरवायचं नसतं. चिनीमातीचा भाग केसाएवढा तडकला तरी ठिणगी टोकाशी न पडता त्या तड्यातून पळते. लांबच्या मीटरवरून बारीक वायर ओढून मशीन चालवत असाल तर व्होल्टेज पडतं आणि ठिणगी लुळी होते. हवेची झडप सताड उघडी असली तरीही पांढरा धूर येतो, कारण ज्योत फुंकली जाते. काळा धूर घालवायला झडप उघडत गेलेल्या माणसाकडे पुढच्या आठवड्यात पांढरा धूर असतो.

८. दुसरा संशय टाकीवर.

मशीनची टाकी जमिनीपासून हातभर उंचीवर असते आणि आपल्या भागात पाणी कुठवर चढतं ते सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाचं मी बोलतच नाही. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केट साध्या जोराच्या सरीतही भरतं. टाकीचं झाकण सैल असेल तर पावसाचं पाणीही पुरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि पंप तळाजवळूनच ओढतो. काचेच्या बाटलीत तळाचं डिझेल काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून, पुसून, फिल्टर बदलून मगच पुढे जा.

डिझेल वाचवायला त्यात गाडीचं जळकं ऑइल ओतणारे महाभाग आहेत. ते घट्ट असतं, नीट उडत नाही, राख सोडतं ती वेगळी. यांच्या तक्रारीवर माझ्याकडे औषध नाही. "आता बीएस-६ डिझेल आहे, धूर कसा येतो?" असंही विचारतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भागांपर्यंत खाली आलं, हे खरं. पण काजळी कार्बनची असते, गंधकाची नाही. हवा कमी पडली तर कुठलंही डिझेल काळंच होणार.

९. बर्नर पेटला नाही तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक वेळी आत डिझेलचा फवारा जमत जातो आणि शेवटी पेटतो तेव्हा झाकण उडवून पेटतो. दोनदा झालं की थांबा. बर्नर बंद ठेवून पंखा चालू राहत असेल तर चालवा, आत साठलेलं डिझेल पुसा, आणि कारण शोधा.

१०. शेवटचं सेटिंग कानाने करू नये. आमच्यातले जुने लोक ज्योतीचा आवाज ऐकून झडप लावतात आणि त्यांचं बरंचसं बरोबरही येतं. तरी क्रम एकच: आधी साफसफाई, मग नवं नोजल, मग गेज लावून पंपाचं प्रेशर पुस्तकात दिलंय तेवढं, आणि सगळ्यात शेवटी हवा. झडप हळूहळू बंद करत जा, धुराची पहिली छटा दिसली की थांबा, तिथून थोडी परत उघडा. धूर मोजायला हातपंपाने चिमणीतली हवा पांढऱ्या कागदातून ओढतात आणि डाग ० ते ९ च्या पट्टीशी जुळवतात. ० किंवा १ आला की घरी जा. चिमणीतल्या वायूचं मीटर असेल तर कार्बन डायऑक्साइड ११-१२ टक्क्यांच्या आसपास हवा.

११. वरच्या मजल्यावरच्या लोकांशी भांडू नका, त्यांचं बरोबर असतं. बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. पाववाल्यांना सूट नाही तर गाडी धुणाऱ्याच्या काळ्या चिमणीकडे कोणी कायम दुर्लक्ष करील असं समजू नका. आणि चिमणीतून जाणारी काजळी म्हणजे तुम्हीच पैसे मोजून आणलेलं, न जळलेलं डिझेल आहे.

१२. मेकॅनिक आला की चहा विचारण्याआधी एवढंच विचारा: "प्रेशर गेज आणलाय का?" नसेल आणला तर पंपाच्या स्क्रूला त्याला हात लावू देऊ नका. मी आलो तरी.