नाकाने पाहणारा मोती

मुलांनो, डोळे मिटून आपल्याच घरात दहा पावले चालून पाहा. पाय अडखळतात, हात आपोआप पुढे होतात. मग ज्याला हातही नाहीत आणि दुःख सांगायला भाषाही नाही, अशा आंधळ्या कुत्र्याचे काय होत असेल?

सोलापुरात आमच्या गल्लीत असाच एक कुत्रा आला. त्याचे दोन्ही डोळे पांढरे झाले होते. तो भिंतीवर आपटे. रिक्षाचा आवाज आला की जागच्या जागी गोल फिरे. काही मुले त्याला खडे मारून हसत. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका चाचांनी ते पाहिले. त्यांनी मुलांना दूर केले आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. "नजर परत येणार नाही, पण हा सुखाने जगू शकेल," डॉक्टर म्हणाले. चाचांनी अंगणात कडुलिंबाखाली त्याची जागा केली व त्याचे नाव मोती ठेवले.

तुम्ही विचाराल, डोळ्यांवाचून तो कसा जगणार? माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे ५० लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या आसपास! चाचांनी तीन नियम केले. पाण्याचे भांडे रोज एकाच जागी ठेवायचे. हात लावण्यापूर्वी नावाने हाक मारायची. पायरी आली की 'थांब' म्हणायचे. सुरुवातीला मोती ठेचकाळला. हळूहळू त्याने सारे अंगण पाठ केले. आता यंत्रमागांचा खडखडाट थांबला, की तो फाटकापाशी चाचांची वाट पाहत बसतो. मात्र खडा पडल्याचा आवाज झाला की अजूनही अंग चोरतो.

असा प्राणी दिसला तर स्वतः उचलू नका; घाबरून तो चावू शकतो. मोठ्यांना सांगा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच रेबीजची लस घ्या. प्राण्यांना छळणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. सोलापूर जिल्ह्यात कष्टकरी बैलांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेचे नाव 'अ‍ॅनिमल राहत' आहे. 'राहत' हा शब्द तर तुमच्याच भाषेतला!

मोतीला कोणी डोळे देऊ शकले नाही. रोज एकाच जागी ठेवलेले पाणी मात्र देता आले. त्याला तेवढे पुरले.

शब्दार्थ : ठेचकाळणे – पायाला ठेच लागणे, अंग चोरणे – भीतीने अंग आखडून घेणे.

स्वाध्याय
१. चाचांनी कोणते तीन नियम केले?
२. मोती अजूनही अंग का चोरतो?