सांडपाण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, धंदा लहान असो वा मोठा, आपण माल, मजुरी, भाडे, वीज आणि वाहतूक यांचा खर्च वहीत लिहितो. विक्रीतून तो वजा केला की उरतो तो नफा. परंतु एक खर्च असा आहे की जो होतो खरा, मात्र आपल्या वहीत कधीच चढत नाही. कारखान्याचे घाण पाणी ओढ्यात सोडले की आपला पैसा वाचतो, पण पलीकडच्या शेतकऱ्याची विहीर खराब होते. तो खर्च त्याच्या खात्यावर पडतो. अर्थशास्त्रात यालाच 'बाह्य खर्च' म्हणतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला आणि असा खर्च कराच्या मार्गाने उत्पादकाच्याच खात्यात आणावा, असे सुचविले.

हा विषय पुस्तकी वाटेल, म्हणून एका घडलेल्या उदाहरणावरून तो समजून घेऊ. उदाहरण तामिळनाडूचे आहे आणि त्यातील कारखानदारांत आपले धर्मबंधू मोठ्या संख्येने आहेत.

पालार नदीकाठचा धंदा

वेल्लोरच्या परिसरात पालार नदीच्या खोऱ्यात वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट ही गावे कातडे कमावण्याबद्दल देशभर प्रसिद्ध आहेत. तेथील अनेक मुस्लिम घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हा धंदा केला, त्यातून शाळा-महाविद्यालये उभी केली आणि हजारो हातांना काम दिले. ही बाजू आपण विसरता कामा नये.

आता दुसरी बाजू पाहू. कच्चे कातडे मीठ लावून टिकवलेले असते. ते भिजवताना सारे मीठ पाण्यात उतरते. मग केस काढण्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात व पुढे क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंद आहे की एक किलो तयार चामड्यामागे सुमारे ३५ लिटर पाणी लागते आणि या प्रक्रियेत सुमारे १७० प्रकारची रसायने वापरली जातात. हे पाणी वर्षानुवर्षे शुद्ध न करता शेतात, ओढ्यात आणि नदीत जात राहिले. तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या वेल्लोर येथील संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार टॅनऱ्यांच्या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाली. दिंडिगल भागातील १३ गावांच्या पाहणीत ४६७ विहिरींपैकी ३५० विहिरी दूषित आढळल्या. माणसे राहत होती त्याच गावात, पण प्यायचे पाणी लांबून आणावे लागले.

न्यायालयाचा निकाल

वेल्लोरच्या नागरिकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने निकाल दिला. चामड्याच्या धंद्यातून देशाला परकीय चलन आणि रोजगार मिळतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्यामुळे निसर्ग आणि लोकांचे आरोग्य उद्ध्वस्त करण्याचा हक्क मिळत नाही, असेही बजावले.

या निकालातील तीन गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली, 'शाश्वत विकास', म्हणजे आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या तोंडचा घास न काढणारी प्रगती. दुसरी, 'सावधगिरीचे तत्त्व'. नुकसान सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही, आधीच उपाय करायचा, आणि आपला धंदा निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी कारखानदाराची. तिसरी, 'प्रदूषण करणाऱ्याने भरावे'. यात नुकसानभरपाईबरोबरच बिघडलेली जमीन व पाणी सुधारण्याचा खर्चही येतो. न्यायालयाने प्रत्येक टॅनरीला १०,००० रुपये दंड केला आणि ठरलेल्या मुदतीत शुद्धीकरणाची व्यवस्था न करणाऱ्या टॅनऱ्या बंद करण्याचा आदेश दिला.

पुढे नेमलेल्या प्राधिकरणाने २००१ साली ५४७ टॅनऱ्यांवर जबाबदारी टाकून २९,१९३ बाधितांसाठी २६.८२ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. तरी प्रश्न मिटला नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी याच भागाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की राज्य सरकारने राहिलेली भरपाई आधी द्यावी आणि मग ती प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल करावी. म्हणजे जो खर्च वहीत लिहिला नव्हता, तो तीस वर्षांनीही दारात उभा आहे.

एक साधा हिशेब

आता लहान धंदेवाल्यांची खरी अडचण पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका कातड्यामागे कारखानदाराला १५० रुपये नफा होतो आणि त्याच्या घाण पाण्याने शेतकऱ्याचे ६० रुपयांचे नुकसान होते. म्हणजे समाजाच्या दृष्टीने खरा नफा ९० रुपयेच. आता त्याने एकट्याने शुद्धीकरण यंत्र बसवले, तर कातड्यामागे ७० रुपये खर्च येतो. हा खर्च शेतकऱ्याच्या नुकसानीपेक्षाही जास्त, आणि छोटा कारखानदार त्याखाली दबून जातो. पण पन्नास जणांनी मिळून एकच सामाईक संयंत्र उभारले आणि खर्च कातड्यामागे २५ रुपयांवर आला, तर कारखानदाराला १२५ रुपये उरतात आणि शेतकऱ्याचे नुकसान टळते. जे एकट्याला परवडत नाही, ते जमातीने परवडते.

पालार खोऱ्यात हाच मार्ग स्वीकारला गेला आणि गावोगावी सामाईक संयंत्रे उभी राहिली. केंद्र सरकारच्या १९९१ च्या योजनेत अशा संयंत्राचा निम्मा खर्च केंद्र व राज्य मिळून अनुदान म्हणून देत असत. उरलेला कर्जातून आणि सभासदांच्या वर्गणीतून उभा करायचा. परंतु यंत्र बसवले म्हणजे काम झाले असे नाही. पाण्यात विरघळलेले मीठ साध्या शुद्धीकरणाने निघत नाही आणि मागे उरलेला गाळ घातक असतो. ३१ जानेवारी २०१५ रोजी राणीपेट येथे अशाच गाळाच्या टाकीची भिंत कोसळून शेजारच्या टॅनरीत झोपलेले १० कामगार मरण पावले. शुद्धीकरणात केलेली काटकसर मजुराच्या जिवावर बेतते.

बाजारही विचारतो

काहींना वाटते की न्यायालयाचा ससेमिरा फक्त आपल्याच देशात आहे. तसे नाही. बांगलादेशात ढाक्याच्या हजारीबाग येथील टॅनऱ्या २०१७ साली न्यायालयाच्या आदेशाने वीज-पाणी तोडून सावार येथे हलवाव्या लागल्या. तेथील सामाईक संयंत्र तेव्हा पुरे झालेले नव्हते. त्यामुळे बुढीगंगेऐवजी धलेश्वरी नदी घाण झाली आणि पर्यावरणाचे प्रमाणपत्र नसल्याने अनेकांना युरोपच्या मोठ्या गिऱ्हाइकांना मुकून स्वस्तात माल विकावा लागला. तिरुप्पूर येथे २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुमारे ७०० रंगाई कारखाने एकदम बंद पडले आणि होजिअरीचा सारा बाजार अडचणीत आला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कापड-धंद्यातील बंधूंनी हे उदाहरण विशेष ध्यानात घ्यावे, कारण रंगाईचे पाणी येथेही आहे.

आपण काय करावे?

१. आधी बचतीचे उपाय करा. कातडे भिजवण्यापूर्वी झटकून मीठ वेगळे काढले, तर तेवढे मीठ पाण्यात जात नाही. नेहमीच्या पद्धतीत क्रोमपैकी सुमारे तिसरा हिस्सा कातड्यात न मुरता पाण्याबरोबर वाहून जातो. तो परत मिळवून वापरता येतो. वाहून गेलेले रसायन म्हणजे वाहून गेलेले पैसेच होत.

२. एकट्याने न लढता मोहल्ल्यातील किंवा औद्योगिक वसाहतीतील घटकांची सोसायटी करा.

३. पाणी, रसायने व गाळ यांची रोजची नोंद ठेवा. निरुपद्रवीपणा दाखवण्याचे ओझे आपल्यावर आहे, तेव्हा नोंद हाच पुरावा.

४. शुद्धीकरणाचा खर्च मजुरी-भाड्याप्रमाणे मालाच्या किमतीत धरा. तो धरला नाही, तर भाव स्वस्त दिसतो, पण तो दुसऱ्याच्या विहिरीतून स्वस्त झालेला असतो.

शेवटी एक गोष्ट. आपण हलाल रोजीचा विचार करताना माप, वजन आणि व्याज यांकडे पाहतो, ते योग्यच आहे. पण दुसऱ्याचे नुकसान दूर करणे हेही फिक्हचे मोठे सूत्र आहे आणि हुकूकुल इबादमध्ये शेजाऱ्याचा हक्क येतो. नमाज-रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील मामला. शेजाऱ्याचे देणे मात्र शेजाऱ्यानेच माफ करावे लागते. ज्या शेतकऱ्याची विहीर खराब झाली, त्याचे नाव आपल्या वहीत नसेल, पण त्याचे येणे आपल्याकडे बाकी आहे. ते वेळीच फेडले, तर धंदाही टिकेल आणि रोजीत बरकतही राहील. अल्लाह आपणा सर्वांना याची तौफिक देवो. आमीन.