ऊसतोडणीचा क्रम आणि उपग्रहाचे चित्र

साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या पाच-सहा महिन्यांत कार्यक्षेत्रातील हजारो फडांपैकी कोणता फड आज तोडावयाचा व कोणता महिनाभराने, हे कारखान्याच्या शेतकी खात्यास दररोज ठरवावे लागते. त्यास मुख्य आधार लागणीच्या तारखेचा असतो. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा नियम सर्वांस समजतो व न्याय्यही वाटतो. परंतु एकाच दिवशी लावलेले दोन फड एकाच दिवशी पक्व होतात असे नाही. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत, मुबलक पाणी व नत्राचे भरपूर हप्ते मिळालेला ऊस हिरवागार राहून उशिरा साखर धरतो. माळावरील मध्यम जमिनीत त्याच जातीचा ऊस त्यापूर्वीच तयार होतो आणि तोड लांबल्यास उभ्या जागी वजन घटवू लागतो. तारखेच्या यादीत मात्र हे दोन्ही फड शेजारी-शेजारी असतात.

शिवाय यादी अखेरपर्यंत यादीप्रमाणे चालतेच असेही नाही. टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे, गाडीरस्ता कोरडा आहे काय, मुकादमाचे कोणाशी कसे जमते, यावर पुष्कळ अवलंबून असते, हे ऊस पिकविणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

या क्रमात शेतकऱ्याचे किती हित गुंतलेले आहे ते एका हिशेबावरून ध्यानात येईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरविला आणि त्यापुढे उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्का वाढीस क्विंटलमागे ३.४६ रुपये जादा धरले. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा एकरी ४० टन ऊस गेला, त्यास उताऱ्यातील एवढ्याशा फरकाने एकरी १,३८४ रुपयांचा फरक पडतो. हा उतारा एकेका शेताचा मोजला जात नाही. तो सबंध कारखान्याचा सरासरी असतो. सबब शेजाऱ्याचा कोवळा ऊस गव्हाणीत पडला तर त्याची झळ पक्व ऊस देणाऱ्यासही लागते. आणि ज्याचा पक्व ऊस मागे राहिला, त्यास वजनातील घट स्वतःच सोसावी लागते.

सर्व फडांची पक्वता एकाच वेळी, एकाच मापाने पाहता आली तर हा क्रम अधिक नेमका लावता येईल. हे काम अलीकडे उपग्रहांच्या चित्रांकडून करून घेतले जात आहे. बारामती येथे कृषि विज्ञान केंद्र चालविणाऱ्या संस्थेने ऊस पिकासाठी उपग्रहाची चित्रे, हवामानाची नोंद व जमिनीतील ओलाव्याचे मापन यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले असून २०२४ पासून ते शेतकऱ्यांच्या शेतावरही नेले आहेत. हे साधन काय दाखविते, काय दाखवीत नाही आणि ते उपयोगी पडावे म्हणून गावात कोणते काम व्हावयास पाहिजे, याचा विचार पुढे केला आहे.

पानावरून परतणारा उजेड

सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा उजेड हरितद्रव्य शोषून घेते. म्हणूनच पान हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडे निकट-अवरक्त नावाचा, मनुष्याच्या डोळ्यांस न दिसणारा उजेड असतो. निरोगी व भरदार पानाच्या अंतर्भागातील पेशी तो फार मोठ्या प्रमाणात परत फेकतात. पीक दुबळे झाले, पाने वाळू लागली किंवा पेरा विरळ असला, म्हणजे तांबडा उजेड अधिक परततो व अवरक्त कमी.

आपल्या देशात या गुणाचा पहिला मोठा प्रयोग नारळावर झाला. १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळातील मूळकुज रोगाने पछाडलेल्या नारळबागांची छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर घेण्यात आली. रोगट माड त्या चित्रांत निरोगी माडांपासून वेगळे ओळखू आले. उपग्रह तेच काम अधिक उंचीवरून आणि ठराविक दिवसांनी पुनःपुन्हा करतो.

दोन उजेडांची तुलना एका आकड्यात मांडतात. अवरक्तातून तांबडा वजा करावयाचा आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. शंभरापैकी ४५ भाग अवरक्त व ५ भाग तांबडा परतला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८; हे जोमदार पीक. ३० व १५ परतला, तर १५ भागिले ४५, म्हणजे सुमारे ०.३३, हे विरळ किंवा त्रासलेले पीक. यास वनस्पती निर्देशांक म्हणतात. मोबाइलवर जो हिरवा-पिवळा-तांबडा नकाशा येतो, तो बहुधा याच आकड्याला रंग देऊन केलेला असतो.

गुंठ्याचे माप

चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते व प्रत्येक चौकोनास एकच आकडा मिळतो. १९८८ साली सोडलेल्या आय.आर.एस.-१ए या भारतीय उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटर बाजूचा होता. म्हणजे १ एकर १२ गुंठ्यांस मिळून एक आकडा. जिल्ह्यात ऊस किती आहे याचा अंदाज बांधण्यास असे चित्र पुरेसे असे. एकट्या शेतकऱ्यास मात्र त्यात आपला बांध सापडणे अवघड होते. युरोपीय देशांच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा चौकोन १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा आहे. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक भरतो. तेव्हा एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा, असे धरून चालण्यास हरकत नाही. हे चित्र विनामूल्य मिळते व निरभ्र हवामानात दर पाच दिवसांनी नवे येते.

तरीही लहान धारकाची अडचण उरतेच. वीस गुंठ्यांचे चौरस शेत सुमारे ४५ मीटर बाजूचे असते. त्यावर वीसएक चौकोन पडतात, परंतु संपूर्णपणे उसावर पडणारे फार तर दहा-पंधरा. बाकीच्यांत बांध, बांधावरची बाभूळ, पाट किंवा शेजाऱ्याचे सोयाबीन मिसळते. वाटण्या होऊन राहिलेल्या १५ मीटर रुंदीच्या तिरक्या पट्टीत एकही निर्भेळ चौकोन बसेलच अशी खात्री नसते. अशा शेताचा नकाशा पिवळा दिसला म्हणून ऊस पिकला असे समजणे म्हणजे बांधाचे गवत वाळले ते उसाच्या नावे लिहिणे होय.

येथे लहान उपग्रहांचा उपयोग होतो. सेंटिनेल-२ चे वजन एक टनाहून अधिक आहे. याउलट डव्ह या नावाचे अमेरिकन उपग्रह अवघे पाचएक किलो वजनाचे, धान्याच्या पायलीएवढ्या जागेत मावतील असे असतात. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोटा येथून पी.एस.एल.व्ही.-सी३७ या यानाने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, त्यांपैकी ८८ या जातीचे होते. एक उपग्रह थोडेच पाहू शकतो. परंतु शंभर-दीडशे उपग्रह एकामागोमाग फिरत राहिले, म्हणजे बहुतेक प्रत्येक शेत दररोज एकदा दृष्टीखाली येते. त्यांचा चौकोन सुमारे तीन मीटरचा असल्यामुळे वर सांगितलेल्या वीस गुंठ्यांत दीडशेहून अधिक निर्भेळ चौकोन मिळतात. ही चित्रे विकत घ्यावी लागतात व लहान कॅमेऱ्यांचे माप मोठ्या उपग्रहाशी वरचेवर ताडून पाहावे लागते. एका शेतकऱ्याने तो खर्च करण्याचे कारण नाही. कारखान्याने सबंध कार्यक्षेत्रासाठी चित्रे घेतली तर तो खर्च सर्व सभासदांत विभागला जातो. भारतानेही १६ ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे १७५ किलो वजनाचा ई.ओ.एस.-०८ हा लहान उपग्रह एक वर्षाच्या प्रयोगासाठी सोडला. जमिनीतील ओलाव्याचा अंदाज घेण्याचे साधन त्यावर होते.

पावसाळ्यात मात्र लहानमोठे सर्वच कॅमेरे निरुपयोगी ठरतात, कारण ढगांतून त्यांस काही दिसत नाही. त्या काळात रडारचे उपग्रह कामास येतात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत-अमेरिका यांचा निसार हा उपग्रह त्यांपैकी होय.

हिरवेपणा म्हणजे साखर नव्हे

उपग्रहास पान दिसते. कांड्यातील रस दिसत नाही. या विषयात सर्वांत अधिक फसगत येथेच होते. नत्र अधिक झालेला फड नकाशात सर्वांत गडद हिरवा असतो आणि रसात सर्वांत मागे. रात्री थंड पडू लागल्या, पाणी कमी केले, म्हणजे वाढ मंदावून कांड्यात साखर साठू लागते व पानांतील ओलावा हळूहळू उतरतो. हा सावकाश उतार, लागणीपासूनचे वय आणि उसाची जात ही तिन्ही एकत्र पाहिली तरच पक्वतेचा अंदाज बांधता येतो. एकाच दिवसाच्या चित्रावरून तो कोणीही बांधू नये.

उताराची कारणेही अनेक आहेत. हुमणीने मुळे खाल्ली, पाण्याची पाळी चुकली, ऊस लोळला किंवा तुरा आला, तरी आकडा खाली येतो. हुमणी बहुधा ठिकठिकाणी डाग पाडते, पक्वता फडभर पसरते. हा फरक नकाशात पुष्कळदा दिसतो, पण निर्णय सरीत उतरूनच करावा लागतो.

जपानमध्ये भाताच्या बाबतीत हाच प्रश्न कसा हाताळला गेला ते पाहण्यासारखे आहे. त्या देशाच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकास आओमोरी नावाचा प्रांत आहे. तेथील ‘सेइतेन नो हेकिरेकी’ हा तांदूळ २०१५ साली बाजारात आला. नावाचा अर्थ ‘निरभ्र आकाशातून कोसळलेली वीज’ असा असून तांदळास असे नाव देणाऱ्यांचे धाडस मानले पाहिजे. तांदळात प्रथिने वाढली की भात चवीस उतरतो, म्हणून ठराविक मर्यादेवर प्रथिने असलेला माल या नावाने विकता येत नाही. कापणी लवकर झाली तर दाणे हिरवे राहतात, उशीर झाला तर तडकतात. २०१६ पासून तेथील संशोधन केंद्राने उपग्रहाचे चित्र व दररोजच्या तापमानाची बेरीज यांवरून प्रत्येक खाचराच्या योग्य कापणीची तारीख रंगाने दाखविणारे नकाशे देण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी त्यांनी खाचराखाचरांतून लोंब्या व दाणे गोळा करून चित्रातील रंगांशी ताडले होते. प्रथिनांचा नकाशाही केला गेला व ज्याच्या खाचरात ती अधिक दिसली, त्यास पुढील वर्षी खत कमी करण्याचा सल्ला मिळाला. भात आणि ऊस यांत अंतर पुष्कळ आहे, परंतु रंग आधी शेतात ताडावयाचा व मग सल्ला द्यावयाचा हा क्रम येथेही लागू पडतो.

गावातील काम

कारखान्याच्या नोंदवहीत गट नंबर, क्षेत्र, जात व लागणीची तारीख असते. चिटबॉय ती लिहून घेतो. पुष्कळदा क्षेत्र सातबाऱ्यावरचे पूर्ण लिहिले जाते, प्रत्यक्षात मात्र त्यातील काही भागातच ऊस असतो. पोटहिश्श्यांत तीन भावांची तीन वेळची लागण असली तरी नोंद एकच होते. खोडव्याची तारीख लागणीची लिहिली जाते. वहीत अशी चूक राहिली तर उपग्रह कितीही सूक्ष्म असला तरी तो दुसऱ्याच उसाचे वर्तमान सांगेल, आणि ज्याचा ऊस मागे पडला त्याच्या हाती तक्रारीस आधारही राहणार नाही. उलट यंत्राने ठरविले असे म्हटले की चूक अधिक पक्की होते.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास बरोबर घेऊन मोबाइलवर फडाची हद्द चालून नोंदवावी. बांधावरून न चालता उसाच्या पहिल्या सरीच्या कडेने चालावे. मोबाइलच्या स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक असतेच, झाडाखाली ती वाढते; म्हणून कोपऱ्यावर उघड्या आकाशाखाली क्षणभर थांबून खूण करावी. लागण व खोडवा यांच्या हद्दी वेगळ्या काढाव्यात. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने भरलेली माहिती व कारखान्याची नोंद यांत फरक आढळला तर त्याच दिवशी विचारून घ्यावे. आपल्या फडाचा नकाशा व क्रमातील स्थान पाहावयास मागण्याचा हक्क सभासदास आहे, असे मानूनच कार्यालयाने वागावे.

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात पहिले स्वच्छ चित्र मिळते. त्यातील एकाच जातीचे व एकाच महिन्यातील लागणीचे गडद, मध्यम व फिकट असे प्रत्येकी दोन-तीन फड निवडावेत. प्रत्येक फडात कडेच्या सऱ्या सोडून चार-पाच ठिकाणचे ऊस घ्यावेत आणि हातातील रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याकडील व शेंड्याकडील कांड्यांच्या रसाचा ब्रिक्स वेगवेगळा मोजावा. दोन्ही आकडे जवळ आले असतील तर ऊस पक्व समजावा. शेंडा पुष्कळ मागे असेल तर थांबावे. आकडे गट नंबर, तारीख व नकाशातील रंग यांसह लिहून तोडणीची यादी होण्यापूर्वी गट कार्यालयात द्यावेत. तीन आठवड्यांनी त्याच फडांत पुन्हा मोजणी करावी, आणि जेथे रंग व रस यांचा मेळ बसला नाही तेथे यादी रसाप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी.