पिंग्विक्युला : एका कीटकभक्षी वनस्पतीची जोपासना

पिंग्विक्युलाच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून चिकट द्रव स्रवतो. त्यात चिलटे अडकतात व पाचक रसांनी विरघळलेले पोषण पान शोषून घेते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ च्या ग्रंथात याचे प्रयोगांसह वर्णन केले आहे. कास पठारावरील सीतेची आसवे ही वनस्पती याच कुळातील होय.

घरी लावण्यास मेक्सिकोतील ‘पिंग्विक्युला मोरानेन्सिस’ ही जाती सोयीची आहे. कुंडीत स्वच्छ धुतलेली वाळू व परलाइट भरावे. शेणखत वा रासायनिक खत घालू नये. नापीक जमिनीतच ही वनस्पती वाढत आल्याने मातीतील खत तिला मारक ठरते. विहिरीच्या वा नळाच्या पाण्यातील क्षारही तिला सोसत नाहीत. म्हणून साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. उजेड भरपूर, परंतु दुपारचे कडक ऊन नसावे.

हिवाळ्यात पाने आखूड, मांसल होतात व त्यांचा चिकटपणा जातो. रोप मरणपंथास लागले असे समजून अनेकजण या काळात पाणी वाढवतात आणि रोप कुजते. वस्तुतः ही त्याची विश्रांती असते; तेव्हा कुंडी जवळजवळ कोरडी ठेवावी. याच काळात एखादे पान देठापासून अलगद सोडवून ओलसर वाळूवर ठेवल्यास काही आठवड्यांत नवे रोप फुटते. ते शेजाऱ्यास अवश्य द्यावे. पठारावरील रोपे मात्र कधीही उपटू नयेत.