तिसऱ्यांदा ‘नीट’ देण्याआधी

निकाल लागला की माझा फोन थांबत नाही. पालकांचा प्रश्न ठरलेला: ‘‘दुसऱ्यांदाही नीटमध्ये मार्क कमी पडलेत, अजून एक ड्रॉप घेऊ द्यायचा का?’’ नाही. बहुतेक घरांत हा निर्णय मुलांनी घेतलेलाच नसतो. नातेवाइकांना काय सांगायचं, या काळजीपोटी मुलांची उमेदीची वर्षं खर्ची घालू नका. मुलगी धड जेवत नसेल, बोलत नसेल, तर आधी क्लास बंद करा आणि तिच्यापाशी बसा.

मग पुढे काय? फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपीची माहिती कुठेही मिळेल. मला बोलायचंय बायोकेमिस्ट्रीबद्दल, कारण बायॉलॉजी मनापासून आवडणारी मुलंही तिच्याकडे वळून बघत नाहीत.

तिच्यातली एक गोष्ट सांगतो. जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. ते फुप्फुसातले लवचीक तंतूही तोडतं. यकृतात तयार होणारं अल्फा-1 अँटिट्रिप्सिन त्याला आवर घालतं. स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेच्या मदतीने प्रथिनं वेगळी करण्याच्या, पट्ट्या तपासत होते. सुमारे दीड हजारांपैकी पाच पट्ट्यांवर अल्फा-1ची रेघ जवळजवळ नव्हतीच. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरसोबत त्यांनी पाठपुरावा केला, तर पाचातल्या तिघांना एम्फिसिमा हा फुप्फुसांचा आजार! 1963 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सिगारेटचा धूर याच प्रथिनातल्या मेथायोनिन या एका अमिनो आम्लाचं ऑक्सिडीकरण करतो आणि इलास्टेज मोकाट सुटतं, हे पुढे उमगलं. हे प्रथिन शिरेतून देण्याच्या उपचाराला अमेरिकेत 1987 मध्ये मान्यता मिळाली. सुरुवात कुठून झाली, तर एका न दिसलेल्या रेघेपासून.

कर्करोगाच्या पेशीही आजूबाजूच्या ऊती पोखरायला अशी एन्झाइम्स वापरतात. ती ओळखण्याची झायमोग्राफी ही चाचणी एमएस्सीचा विद्यार्थी स्वतः करू शकतो. जिलेटिन मिसळलेली जेल रंगवली की सगळी निळी होते. एन्झाइमने जिलेटिन खाल्लेल्या जागी तेवढे पांढरे पट्टे उमटतात.

वाट सोपी नाही. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी धरली तर दहा-एक वर्षं जातात. नुसत्या बीएस्सीवर पगार तुटपुंजाच. पीएचडीसाठी नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. आयसर पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं सीईबीएस या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षा बारावीतच द्या. नीट संपायची वाट बघू नका. एवढा धीर नसेल तर या वाटेला येऊ नका, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

आणि ‘बायोटेक’ हे नाव बघून लाखांची फी भरू नका. आधी कॉलेजची प्रयोगशाळा बघून या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: जेल तुम्ही स्वतः रन करता, की सर करून दाखवतात?